जळगाव-धुळ्याकडे शिकताना इंजिनिअरिंगची इंटर्नशिप कशी मिळवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मेकॅनिकलचं तिसरं वर्ष, कॉलेज जळगावजवळ, सीजीपीए ७.१, ओळखीचं कुणी नाही, इंग्रजी जेमतेम. पुण्याच्या साठेक कंपन्यांना मेल केले, एकाचंही उत्तर नाही. आता साडेचार हजार भरून ऑनलाइन इंटर्नशिपचं सर्टिफिकेट घ्यावं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. घेऊ नका. ते सर्टिफिकेट फार तर कॉलेजच्या फाइलीत लागेल. मुलाखतीत "तिथे रोज सकाळी गेल्यावर काय करायचात?" एवढं विचारलं की त्याचा निकाल लागतो. मुलाखत न घेता व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं ऑफर लेटर, रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, मागची तारीख टाकून द्यायची तयारी, यातलं एक जरी दिसलं तरी विषय सोडून द्या. कंपनी नोंदलेली आहे का हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाच मिनिटांत कळतं. एमआयडीसीतल्या छोट्या शेडवाल्याचा मेलही जीमेलचाच असतो हे खरं, पण ती शेड तुम्ही सायकलवर जाऊन बघू शकता.

आता ते साठ मेल. सगळ्यांना एकच मजकूर गेला असणार, पत्ता एचआरचा असणार, आणि मजकुरात "मला शिकायची खूप इच्छा आहे" असणार. कंपनीच्या बाजूने बघा. इंटर्न म्हणजे कुणाचा तरी रोजचा तासभर, अपघाताची धास्ती, गेटपासची कटकट. एवढं सगळं ती का करेल? प्रत्येक कारखान्यात काही कामं अशी असतात की ती व्हायला हवीत हे सगळ्यांना पटलेलं असतं आणि करायला वेळ कुणालाच नसतो. कुठल्या मशीनचं रिजेक्शन नेमकं कशाने वाढतं, हवेच्या लाइनला किती गळती आहे, स्टोअरमध्ये कुठलं बेअरिंग किती पडून आहे. ही भिजत पडलेली घोंगडी म्हणजेच इंटर्नची जागा. ती जाहिरातीत येत नाही. तुम्ही हुडकायची असते आणि "हे मी आठ आठवड्यांत करून देतो, करता येतं याचा हा पुरावा" असं म्हणायचं असतं. बाकी सगळं त्याच्या भोवतीचं.

आणि पहिली इंटर्नशिप पुण्यालाच हवी हा हट्ट सोडा. काखेत कळसा आणि गावाला वळसा चाललाय. जळगावात पीव्हीसी पाइप, ठिबक, चटई आणि डाळमिलचे कारखाने आहेत. भुसावळला रेल्वेची इलेक्ट्रिक लोको वर्कशॉप आहे, तिथे इंजिनांचं पिरिऑडिक ओव्हरहॉल, म्हणजे ठरावीक काळाने पूर्ण उघडून दुरुस्ती होते. दीपनगरला औष्णिक वीज केंद्र, भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी. धुळ्याला अवधान एमआयडीसी, शिरपूरला सूत-कापड, साक्री तालुक्यात शिवाजीनगरचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आणि ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या. नंदुरबारच्या मुलाने तर पुण्याआधी सुरतेकडे बघावं. ताप्ती लाइनची गाडी दारातून जाते आणि हजिरा-अंकलेश्वरचा कारखान्यांचा पट्टा तिकडेच आहे. जळगावकरांना अजिंठ्यामार्गे छत्रपती संभाजीनगरचं वाळूज, आणि नाशिकचं सातपूर-अंबड, ही दोन्ही औद्योगिक क्षेत्रं पुण्यापेक्षा जवळ पडतात.

सरकारी ठिकाणी मात्र तुमच्या कल्पनाशक्तीला फारसा वाव नसतो. तिथे कॉलेजचं पत्र, ठरलेल्या मुदतीची व्होकेशनल ट्रेनिंग, बॅचने फिरवून दाखवणं असा मामला असतो. बघायला उत्तम, पण हाताला काम कमी. आयुध निर्माणीत तर सुरक्षेच्या परवानगीत महिने जाऊ शकतात. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत दोन आठवडे रेल्वे किंवा दीपनगर, तिसऱ्या वर्षाला आठ आठवडे खाजगी कारखाना, ही जोडी चांगली जमते. अप्रेंटिसशिपची यात गल्लत करू नका. ती सहसा पदवीनंतर, १९६१ च्या अप्रेंटिसेस कायद्याखाली, साधारण वर्षभराची असते.

"काम हुडका" म्हणजे काय, ते पाइपच्या कारखान्यावर दाखवतो. पीव्हीसी पाइपला आयएस ४९८५ या भारतीय मानकाप्रमाणे भिंतीची किमान जाडी ठरलेली असते, आणि ती परिघावर कुठेही कमी पडून चालत नाही. डाय (ज्या साच्यातून वितळलेला माल पाइपच्या आकारात बाहेर पडतो) नीट सेंटर नसेल तर पाइप एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ निघतो. मग पातळ बाजू पास व्हावी म्हणून ऑपरेटर हॉल-ऑफचा, म्हणजे पाइप ओढून नेणाऱ्या यंत्राचा वेग जरा कमी करतो आणि सगळाच पाइप जाड काढतो. पाइप पास होतो, तक्रार येत नाही, पण माल फुकट जातो. किती? ११० मिलिमीटरच्या पाइपची सरासरी जाडी गरजेपेक्षा फक्त ०.२ मिलिमीटर जास्त असली, तर छेदाचं क्षेत्रफळ ३.१४ × ११० × ०.२ म्हणजे सुमारे ६९ चौरस मिलिमीटर वाढतं. घनता १.४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली तर मीटरमागे ९७ ग्रॅम, आणि ६ मीटरच्या एका पाइपमागे ५८० ग्रॅमच्या आसपास कच्चा माल जास्त गेला. मालकाला रेझिनचा, म्हणजे या कच्च्या मालाचा भाव तोंडपाठ असतो. पुढचा गुणाकार तो स्वतःच करतो.

यावरचं तुमचं काम साधं आहे. एका लाइनवर, एका साइजसाठी, दर तासाला एक तुकडा कापून परिघावर आठ ठिकाणी जाडी मोजायची. आतली बाजू वक्र असते, त्यामुळे सपाट तोंडाच्या मायक्रोमीटरने आकडा फुगून येतो. बॉल टोकाचा मायक्रोमीटर मागा. प्रत्येक तुकड्याची कमाल, किमान, सरासरी एक्सेलमध्ये टाकून आलेख काढायचा आणि शेजारी डायचे बोल्ट कधी फिरवले, मटेरिअलची बॅच कधी बदलली, लाइट कधी गेली हे लिहायचं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे फक्त जनरल शिफ्टला मोजणं. रात्रपाळीचा ऑपरेटर वेगळा, थंड पाण्याचं तापमान वेगळं, आकडेही वेगळे निघतात. परवानगी असेल तर आठवड्यातले दोन दिवस दुसऱ्या पाळीला थांबा. दुसरी चूक: ऑपरेटरला वाटतं की हा पोरगा आपल्यावर पाळत ठेवायला आलाय. पहिल्या दिवशी त्याच्याजवळ बसा, चहा घ्या, वही दाखवा आणि नावाऐवजी फक्त लाइन नंबर लिहा. त्याला दहा वर्षांत जे कळलंय ते तुम्हाला आठ आठवड्यांत फक्त त्याच्याकडूनच कळणार आहे.

दुसरं काम जवळजवळ कुठल्याही कारखान्यात चालतं: हवेची गळती. लोड-अनलोड पद्धतीचा (दाब उतरला की हवा भरतो, दाब भरला की नुसता फिरतो असा) कॉम्प्रेसर असेल तर सुट्टीच्या दिवशी, हवा वापरणारी सगळी मशीनं बंद असताना, तो चालू ठेवायचा आणि घड्याळ लावायचं. लोडचा वेळ भागिले लोड आणि अनलोड या दोन्ही वेळांची बेरीज, गुणिले १००. समजा ४० सेकंद लोड आणि ८० सेकंद अनलोड, तर क्षमतेच्या ३३ टक्के हवा कपलिंग आणि फाटक्या होजमधून बाहेर जातेय. किमान दहा चक्रं मोजा. दोन चक्रांवर निष्कर्ष काढला तर मेन्टेनन्सचे साहेब हसतील, आणि बरोबरच हसतील. मग साबणाचं पाणी घेऊन लाइनवर फिरा, गळती दिसेल तिथे टॅग लावा, दुरुस्तीनंतर परत मोजा. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे हातात असलेला विद्यार्थी फार क्वचित दिसतो.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी खानदेशात केळीची पिकवण केंद्रं आहेत. रावेर-यावलच्या केळीला चेंबरमध्ये १४ ते १८ अंश, भरपूर आर्द्रता आणि इथिलिन हा फळ पिकवणारा वायू लागतो. तापमान १२-१३ च्या खाली घसरलं तर साल काळवंडते आणि मालाचा भाव पडतो. रात्री तापमान किती होतं हे बऱ्याच छोट्या ठिकाणी वॉचमनच्या वहीवरूनच कळतं. ईएसपी-३२ हा वाय-फायवाला छोटा कंट्रोलर आणि तापमान मोजणारा डीएस१८बी२० सेन्सर यांची एक नोंद-पेटी हजार-पंधराशेत बनते. बनवताना जे बिघडतं त्यातच खरं शिक्षण आहे. सेन्सरच्या डेटा वायरला लागणारा ४.७ किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर विसरलात की वाचन उणे १२७ येतं. सेन्सरला मोजायला वेळ न देता वाचलंत, किंवा मधेच त्याची वीज गेली, की तो बिनधास्त ८५ अंश दाखवतो. पत्र्याच्या आणि पफ पॅनेलच्या (फोम भरलेल्या, थंडावा धरणाऱ्या भिंतींच्या) खोलीतून वाय-फाय बाहेर पोहोचत नाही, म्हणून सेन्सरची वायर बाहेर आणून पेटी भिंतीबाहेर लावावी लागते. वीज गेली की घड्याळ शून्यावर जातं, म्हणून आरटीसी, म्हणजे स्वतःच्या बॅटरीवर चालणारं घड्याळ लागतं. अशी पेटी एका केंद्रात सलग पंधरा दिवस चालवून दाखवलीत तर पुण्याच्या एम्बेडेड कंपनीच्या मुलाखतीत बोलायला अर्धा तास पुरणार नाही. गाइडच्या प्रयोगशाळेत दोन मिनिटं चाललेला "स्मार्ट अ‍ॅग्रिकल्चर" प्रोजेक्ट सगळ्यांकडेच असतो.

कॉम्प्युटरवाल्यांना गावाची अडचण सर्वांत कमी. गिटहबवर दहा अर्धवट रेपॉझिटरी ठेवण्यापेक्षा एक पूर्ण, चालू आणि कुणीतरी खरोखर वापरत असलेली ठेवा. तालुक्यातल्या एखाद्या दुकानाचा उधारी-साठा असला तरी चालेल. एसक्यूएलचे जॉइन आणि इंडेक्स, गिटमधला मर्ज कॉन्फ्लिक्ट, आणि डेटा स्ट्रक्चरचे दीडशेक प्रश्न स्वतः सोडवलेले, एवढ्यावर पहिली चाळणी पार होते. सिव्हिलवाल्यांनी साइटवर जायच्या आधी ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं उपकरण) लावणं आणि एक्सेलमध्ये बार बेंडिंग शेड्यूल (सळ्यांची लांबी, वाक आणि संख्या यांचा तक्ता) काढणं शिकून जावं. ज्याला हे येतं त्याला साइट इंजिनिअर पहिल्याच आठवड्यात काम देतो, नाहीतर काँक्रीटच्या चाचणीचे १५० मिलिमीटरचे क्यूब मोजत दोन महिने जातात.

आता पुरावा. बायोडाटा एका पानाचा. वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती, "वरील माहिती सत्य आहे" हे प्रतिज्ञापत्र, "हार्डवर्किंग, क्विक लर्नर" हे सगळं काढा. त्या जागी एक-दोन पूर्ण केलेली कामं, प्रत्येकी तीन ओळींत: काय केलं, कशाने मोजलं, आकडा किती आला. "सॉलिडवर्क्स येतं" याऐवजी "सात भागांची बेंच व्हाइस असेंब्ली, टॉलरन्ससह ड्रॉइंग, त्यातले तीन भाग लेथवर करून बसवले". अजून असं काही केलेलंच नसेल, तर कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पडलेली एखादी बंद मशीन सर किंवा वर्कशॉप इन्स्ट्रक्टरला विचारून उघडा आणि चालू करा. त्याचे फोटो आणि मोजमाप हाच तुमचा पहिला पुरावा. ७.१ सीजीपीएची काळजी मोठ्या कंपन्यांच्या चाळणीपुरती करा. काही ठिकाणी ७ ची अट असते, काही ठिकाणी ६० टक्के. बॅकलॉग असेल तर तो आधी काढा, कारण फॉर्मवर तिथेच दार बंद होतं. एमआयडीसीत सीजीपीए सहसा कुणी विचारत नाही.

पत्र साठ नको, पंचवीस-तीस पुरेत. पण प्रत्येक वेगळं आणि एचआरला नव्हे, तर उत्पादन, मेन्टेनन्स किंवा क्वालिटीच्या माणसाला. नाव कसं मिळेल? लिंक्डइनवर कंपनीचं नाव आणि "मेन्टेनन्स" टाका, तुमच्या कॉलेजचे माजी विद्यार्थी वेगळे काढा, आणि त्यातल्या तीन ते आठ वर्षं नोकरी झालेल्यांना आधी लिहा. नुकताच लागलेल्याच्या हातात काही नसतं, वीस वर्षं झालेल्याला मेल वाचायला वेळ नसतो. स्थानिक कारखान्यासाठी मजकूर असा चालतो:

"आदरणीय साहेब, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आपल्याकडे ११० मिमीच्या पाइपच्या दोन लाइन आहेत असं कळलं. भिंतीच्या जाडीतला फरक तासागणिक मोजून, जास्तीचा माल किती जातो आणि कधी जातो, हे आठ आठवड्यांत काढून देण्याची माझी तयारी आहे. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथच्या स्पिंडलचा रनआउट अशाच पद्धतीने मोजला होता. एक पानाची नोंद सोबत जोडली आहे. कॉलेजचं पत्र आणि अपघात विमा माझ्याकडे आहे. येत्या आठवड्यात दहा मिनिटं भेटायला कधी येऊ?"

(रनआउट म्हणजे फिरताना स्पिंडल किती डगमगतो ते.) यात काय नाही ते बघा. विनवणी नाही, स्टायपेंडचा उल्लेख नाही, गोड विशेषणं नाहीत. शेवटी उत्तर देता येईल असा एक प्रश्न आहे. पुण्याच्या कंपनीला हेच सहा वाक्यांत, सोप्या इंग्रजीत. उत्तर आलं नाही तर पाच-सहा कामाच्या दिवसांनी एकदा आठवण करा, दहा दिवसांनी आणखी एकदा, आणि मग सोडा. तीस पत्रांत तीन-चार उत्तरं आली तर पत्र चांगलं आहे असं समजा. एकही आलं नाही तर आणखी तीस पाठवू नका, पत्र बदला.

जळगाव-धुळ्यात मात्र मेलपेक्षा पाय जास्त चालतात. सकाळी साडेनऊ-दहाला जाऊ नका, तेव्हा उत्पादनाची मीटिंग असते. दुपारी तीननंतर जा. एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी भागागणिक वेगळी असते (पुण्याच्या बऱ्याच पट्ट्यात गुरुवार), ती आधी विचारून घ्या. गेटवरचे काका "साहेब नाहीत" म्हणतातच. वाद न घालता एक पानाची नोंद आणि फोन नंबर लिफाफ्यात घालून, मेन्टेनन्सच्या साहेबांचं नाव लिहून ठेवून या. मालक भेटले तर "सर" म्हणायचं की "भाऊ" की "शेठ" हे तिथली माणसं काय म्हणतात ते ऐकून ठरवा.

वेळेचं गणित. मोठ्या कंपन्या पुढच्या उन्हाळ्याची निवड ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्येच उरकतात. विज्ञान अकादमींच्या समर रिसर्च फेलोशिपचे अर्जही आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या सुमारास बंद होतात. मध्यम कारखान्यांना जानेवारी-फेब्रुवारीत लिहा. मार्चमध्ये सगळे वर्षअखेरच्या आकड्यांत बुडालेले असतात. छोट्या शेडला महिनाभर आधी सांगितलं तरी चालतं. एप्रिलच्या शेवटी, परीक्षेचं टाइमटेबल लागल्यावर सुरुवात केलीत तर हातात फक्त विकतची सर्टिफिकेटं उरतात.

कागद आधीच तयार ठेवा, कारण हो म्हणालेल्या कंपनीला पंधरा दिवस थांबवलं की ती जागा थंड होते. कॉलेजचं पत्र कंपनीच्या नावाने, जावक क्रमांक आणि नेमक्या तारखांसह हवं. "संबंधितांस" असलेलं पत्र एचआरला आवडत नाही. एचओडी (विभागप्रमुख), टीपीओ (ट्रेनिंग-प्लेसमेंट अधिकारी), प्राचार्य अशा तीन सह्यांना एक आठवडा धरा. अपघात विम्याची प्रत घ्या. अपघाताची भीती हे नकाराचं सर्वांत मोठं आणि कधीच न सांगितलं जाणारं कारण आहे. विमा दाखवला की निम्मा विरोध मावळतो. सेफ्टी शूज स्वतःचे घ्या. आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचं ४४-४५ अंश ऊन, त्यात एक्सट्रूडरची (प्लास्टिक वितळवून पाइप काढणाऱ्या मशीनची) धग. सुती शर्ट, पाण्याची बाटली, मिठाचं ताक. चक्कर येऊन पडलेला इंटर्न दुसऱ्या दिवशी गेटवरच अडवला जातो.

मुलाखत बहुतेक वेळा शॉपफ्लोअरवर उभ्या-उभ्या होते. बेअरिंग ६२०५ हातात देऊन आतला व्यास विचारतील (२५ मिलिमीटर, शेवटचे दोन आकडे गुणिले पाच). व्हर्निअर देऊन वाचायला सांगतील. ड्रॉइंग समोर टाकून फर्स्ट अँगल की थर्ड अँगल विचारतील. ५ एचपीच्या थ्री-फेज मोटरला अंदाजे किती करंट? सातेक अ‍ॅम्पिअर. स्टार-डेल्टा का लावतात? येत नसेल तर "माहीत नाही, पण असं शोधेन" म्हणा. अंदाजपंचे उत्तर शॉपफ्लोअरवर धोक्याचं मानतात आणि नापास तिथेच करतात. इंग्रजीची धास्ती असेल तर स्वतःच्या एका कामाबद्दल दोन मिनिटं बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करा, वीस वेळा. उच्चारात अहिराणीचा ठसका राहिला तर राहू द्या; अडतं ते वाक्य मधेच तुटतं म्हणून.

मिळाल्यावर पहिले तीन दिवस कुठल्याही मशीनला हात न लावता प्रोसेसचं चित्र काढा. रोज संध्याकाळी वहीत पाच ओळी. दर शुक्रवारी साहेबांना एक पान, आकड्यांसह. परवानगीशिवाय फोटो काढू नका आणि कंपनीचे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. बायोडाट्यात कुठला आकडा लिहिलेला चालेल हे विचारून घ्या. टक्केवारी सहसा चालते, रुपये चालत नाहीत. सर्टिफिकेटचा मजकूर शेवटच्या आठवड्याच्या सोमवारी स्वतः लिहून द्या, तारखा आणि नेमक्या कामासह. शुक्रवारी मागायला गेलात तर सही करणारे साहेब नेमके सुट्टीवर असतात.

यानंतर पुण्याला लिहा. या वेळी पत्रात सांगण्यासारखं एक खरं वाक्य असेल. फक्त हिशेब आधी करा: पुण्यात खोली, मेस आणि प्रवास धरून महिन्याला दहा-बारा हजारांच्या खाली भागवणं अवघड जातं. स्टायपेंड पाच हजार आणि काम फाइलिंगचं असेल, तर त्यापेक्षा घरचा डबा घेऊन पाइपच्या लाइनवर काढलेले आठ आठवडे बायोडाट्यात जास्त ओळी देतात. काम डिझाइन किंवा टेस्टिंगचं आणि साहेब शिकवणारा असेल, तर मात्र पदरचे पंधरा हजार घालूनही जा.